गोळीचा परतीचा रस्ता

औषधाच्या पाकिटावर बारीक अक्षरांत एक ओळ असते: ३० अंश सेल्सिअसखाली, कोरड्या जागी ठेवा. चंद्रपुरात मे महिन्यात ती ओळ वाचणाऱ्याला हसावं की रडावं कळत नाही. पारा पंचेचाळिसावर जाणं ही तिथे बातमी उरलेली नाही. त्याहून दोन अंश वर चढला तर वर्तमानपत्रात चौकट येते. शहरातल्या भांडारात निदान कूलर असतो, एखादी खोली वातानुकूलित असते. तिथून औषध तालुक्याला जातं, तालुक्याहून प्राथमिक आरोग्य केंद्रात, केंद्रातून उपकेंद्रात आणि उपकेंद्रातून आशाताईच्या पिशवीत. या उतरणीवर प्रत्येक पायरीला छप्पर पातळ होत जातं.

शेजारच्या गडचिरोलीत तर गंमत आणखी वेगळी. २६ ऑगस्ट १९८२ रोजी हा जिल्हा चंद्रपूरपासून वेगळा झाला, पण त्याचा दक्षिणेकडचा भाग पावसाळ्यात स्वतःपासूनही वेगळा होतो. भामरागडला पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर चढलं की तालुका तुटला. म्हणून दुर्गम भागातला औषधसाठा पावसाच्या आधीच आत नेऊन ठेवावा लागतो. म्हणजे जी गोळी मे महिन्यात पत्र्याखाली भाजते, तीच जुलैच्या दमट हवेत भिजते आणि ऑगस्टमध्ये हिवतापाच्या रुग्णाच्या तोंडात जाते. महाराष्ट्रातल्या हिवतापाचा फार मोठा वाटा एकट्या गडचिरोलीचा असतो. त्यावरच्या औषधांतलं आर्टेसुनेट हे उष्णता आणि दमटपणा दोन्हींना हळवं. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवणारं ऑक्सिटोसिन तर २ ते ८ अंशांतच ठेवायचं असतं.

कारखानदारांना हे ठाऊक नसतं असं नाही. भारतासारख्या उष्ण-दमट देशांसाठी औषधाचा टिकाऊपणा ३० अंश आणि चढ्या आर्द्रतेला तपासतात, शिवाय सहा महिने ४० अंशांत ठेवून घाईची परीक्षाही घेतात. पण ती परीक्षा कारखान्याच्या कपाटात होते. कपाटाचं तापमान ठरल्या मर्यादेबाहेर गेलं की घंटा वाजते. उपकेंद्रातल्या लाकडी कपाटाला घंटा नसते.

आता औषधांच्या गुणवत्ता-तपासणीत स्वयंचलित यंत्रं येताहेत, प्रयोगशाळा 'कागदमुक्त' होताहेत, यंत्रमानवाचे हात गोळ्या उचलताहेत, असं आपण वाचतो. कोळसा, सिमेंट, कागद आणि वीज यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या चंद्रपूरचा आणि जंगलाच्या गडचिरोलीचा त्याच्याशी काय संबंध, असा प्रश्न कुणी विचारेल. संबंध खाणाऱ्याचा आहे. तपासणी कुठेही होवो, गोळी इथे गिळली जाते.

आधी हे यंत्र करतं काय ते जवळून पाहू. 'डिझॉल्युशन' नावाची चाचणी घ्या. गोळीत औषध आहे एवढं पुरेसं नाही, ते पोटात सुटलंही पाहिजे. नाहीतर खडा गिळल्यासारखंच. सहा काचेची भांडी, प्रत्येकात बहुधा ९०० मिलिलिटर द्रव, तापमान ३७ अंश. प्रत्येक भांड्यात एक गोळी सोडायची आणि वरून पॅडल फिरत ठेवायचं, मिनिटाला ५० किंवा ठरवून दिलेले फेरे. तिसाव्या मिनिटाला, किंवा औषधसंहितेत जो सांगितला असेल त्या मिनिटाला, प्रत्येक भांड्यातून थोडा द्रव काढून गाळायचा आणि त्यात औषध किती उतरलं ते मोजायचं. माणसाला दोनच हात असल्यामुळे सहाही भांड्यांतून एकाच क्षणी द्रव काढणं जमत नाही. म्हणून गोळ्याच मिनिटा-मिनिटाच्या अंतराने सोडतात, पहिली शून्यावर, दुसरी एकावर, आणि काढतानाही तोच क्रम पाळतात. डोळा घड्याळावर, हातात सिरिंज, आणि मध्येच फिल्टर तुंबला की पुढचं मिनिट हुकलं. स्वयंचलित यंत्रात सहा नळ्या एकाच सेकंदाला खाली उतरतात, द्रव ओढतात, गाळतात आणि छोट्या बाटल्यांत भरून ठेवतात.

पुढचं मोजमाप बहुतेक वेळा एचपीएलसीवर होतं. उच्च दाबाने द्रव बारीक कणांनी गच्च भरलेल्या नळीतून, म्हणजे 'कॉलम'मधून ढकलायचा. मिश्रणातले घटक आपापल्या वेगाने बाहेर पडतात आणि पडद्यावर एकेकाचं शिखर उमटतं. पूर्वी प्रत्येक नमुना सुईने, हाताने सोडावा लागे. एकेका नमुन्याला पंधरा-वीस मिनिटं, आणि तेवढा वेळ केमिस्ट खुर्चीला खिळलेला. नमुने आपोआप सोडणारा ऑटोसॅम्पलर आला आणि ही खुर्ची सुटली. संध्याकाळी शंभरेक व्हायल ट्रेमध्ये लावायच्या, सिक्वेन्स लिहायचा, रन लावायचा आणि घरी जायचं. सकाळी आलं की शिखरं तयार. औषध कंपन्यांच्या क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता-तपासणीत, काम केलेल्या कुठल्याही मराठी मुला-मुलीला हे वर्णन नवं नाही; वाळूज, तारापूर, कुरकुंभच्या कित्येक घरांचा संसार या 'रन'वर चालतो.

वेळ वाचतो हे खरं, पण स्वयंचलनाला खरी गती मिळाली ती वेगळ्याच कारणाने. हाताने केलेल्या कामात हाताला सुचणाऱ्या युक्त्याही येतात. नमुना नापास होतोय असं दिसलं की 'ट्रायल' म्हणून पुन्हा सोडायचा आणि पहिला निकाल पुसायचा. शिखराची पायरेषा जरा सरकवून आकडा मर्यादेत बसवायचा. वहीचं पान नव्याने लिहायचं. मे २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने वोखार्टच्या वाळूज कारखान्यातल्या मालाला आपल्या देशाची दारं बंद केली. तपासणीत इंजेक्शनांच्या सुमारे ७५ बॅचच्या अनधिकृत नोंदी अर्ध्या फाडून कचऱ्यात टाकलेल्या सापडल्या होत्या. त्याच महिन्यात रॅनबॅक्सीने अमेरिकेत गुन्हा कबूल करून ५० कोटी डॉलर भरायचं मान्य केलं. संगणकावरची प्रत्येक नोंद कुणी, कधी, का बदलली याचा माग यंत्रानेच ठेवावा, हा अमेरिकेतला नियम १९९७ सालचा. आपल्या कारखान्यांना त्याची धग २०१३ नंतर खऱ्या अर्थाने लागली. तराजू संगणकाला जोडला गेला, वजन हाताने लिहिणं बंद झालं, प्रत्येकाला स्वतःचा पासवर्ड आला. भारतानेही डिसेंबर २०२३ मध्ये औषधनिर्मितीची सुधारित 'अनुसूची एम' काढली, आणि संगणकीय यंत्रणांची शिस्त देशांतर्गत विकल्या जाणाऱ्या औषधांपर्यंत आणली. बोस्टनच्या रुग्णासाठी आधी आलेली शिस्त भामरागडच्या रुग्णापर्यंत यायला पाव शतकाहून अधिक काळ लागला. असो.

कारखान्यात जमलेलं हे सारं सरकारी औषध प्रयोगशाळेत तसंच्या तसं बसत नाही, आणि त्याचं कारण पैशाच्याही आधीचं आहे. यंत्राला तोचतोपणा आवडतो. कारखाना वर्षभर त्याच दहा-वीस गोळ्या बनवतो. पद्धत एकदा बसवली, कॉलम एकदा जोडला की बॅचमागून बॅच. सरकारी विश्लेषकापुढे सोमवारी खोकल्याचं सिरप, मंगळवारी प्रतिजैविक, बुधवारी ऑक्सिटोसिन आणि गुरुवारी शस्त्रक्रियेचा दोरा. प्रत्येकाची संहिता वेगळी, द्रावण वेगळं, कॉलम वेगळा. आधीचा कॉलम धुवायचा, नवा लावायचा, तासभर द्रव वाहू देऊन तो स्थिर करायचा, प्रमाणित नमुना पाच-सहा वेळा सोडून यंत्र एकसारखं उत्तर देतंय का ते बघायचं, आणि मग संशयित गोळीचा नंबर. या तयारीत दिवस जातो आणि यातलं फार थोडं रोबो करू शकतो. वर गाझियाबादच्या औषधसंहिता आयोगाकडून प्रमाणित नमुना आलेला हवा, कॉलम संपला तर खरेदीची फाइल हलायला हवी, वार्षिक देखभालीचा करार चालू हवा, आणि मध्यरात्री वीज गेली तर रन वाया जाऊ नये एवढी बॅटरी हवी. शेवटचं वाक्य चंद्रपूरच्या संदर्भात लिहिताना जीभ चावावीशी वाटते. जिथल्या औष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे, त्याच्या शेजारच्या जिल्ह्यात वादळी पावसात तारा पडल्या की आरोग्य केंद्राचं फ्रिज गरम होतं.

म्हणजे सरकारी प्रयोगशाळेत यंत्र आणू नये? आणावंच. पण कोणतं, हे आधी घड्याळाला विचारावं.

नागपूरचंच प्रकरण बघा. इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या भांडारातल्या सिप्रोफ्लोक्सासिन या प्रतिजैविकाचा नमुना मार्च २०२३ मध्ये घेतला गेला आणि मुंबईच्या सरकारी प्रयोगशाळेत गेला. अहवाल आला डिसेंबर २०२३ मध्ये: गोळीत औषध नाहीच. फेब्रुवारी २०२४ मध्ये २१,६०० गोळ्या जप्त झाल्या. पाकिटावर गुजरातमधल्या ज्या कंपनीचं नाव होतं ती कंपनीच अस्तित्वात नव्हती. त्याआधी नागपूर जिल्ह्यातल्या कळमेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयातही अशाच गोळ्या सापडल्या होत्या. सप्टेंबर २०२४ मध्ये पोलिसांनी दाखल केलेल्या आरोपपत्रानुसार टाल्कम पावडर आणि स्टार्च मिसळून हा माल हरिद्वारच्या एका पशुवैद्यकीय औषधांच्या प्रयोगशाळेतून येत होता.

मार्च ते डिसेंबर. या नऊ महिन्यांत प्रयोगशाळेत एचपीएलसी किती वेगवान होतं हा प्रश्नच गौण आहे. गोळीत ९२ टक्के औषध आहे की ९५, हे ठरवायला नाजूक यंत्र लागतं. गोळीत औषध आहे की नुसता स्टार्च, हे ठरवायला काचेच्या पट्टीवरची पातळ थराची क्रोमॅटोग्राफी पुरते: एका बाजूला खऱ्या औषधाचा ठिपका, दुसऱ्या बाजूला संशयित गोळीचा, पट्टी द्रावणात उभी करायची आणि दिव्याखाली ठिपके वर चढले का बघायचे. जर्मनीतल्या एका संस्थेने या तंत्रावर दोन पेट्यांत मावणारी 'मिनीलॅब' बनवली आहे. आफ्रिकेत आणि आग्नेय आशियात ती दवाखान्यांतून फिरते. शून्य ओळखायला तासभर लागला असता. पण शून्य असलेली गोळीही रांगेतच उभी राहिली, कारण रांगेत कोण आधी हे सांगणारं काही नव्हतं.

याच्या उलट उदाहरण अवघ्या दोन वर्षांत समोर आलं, आणि तेही नागपूरच्याच रुग्णालयांच्या खाटांवरून. सप्टेंबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यातली लहान मुलं मूत्रपिंड निकामी होऊन नागपुरात दाखल होऊ लागली. संशय 'कोल्ड्रिफ' नावाच्या खोकल्याच्या सिरपवर गेला. ते तामिळनाडूत बनलेलं. १ ऑक्टोबरला तिथल्या औषध नियंत्रण खात्याला कळवलं गेलं. सुटीचे दिवस असूनही चेन्नईच्या सरकारी प्रयोगशाळेने पुढच्या दोन दिवसांत निकाल दिला: डायएथिलीन ग्लायकॉल ४८.६ टक्के. मर्यादा ०.१ टक्का. तोवर मुलं गेली होती, आणि मृत्यूंचा आकडा पुढे विसाच्या वर गेला. तरीही दोन दिवस आणि नऊ महिने हे अंतर यंत्रांच्या किमतीने समजावता येत नाही. चेन्नईत कुणीतरी ठरवलं की हा नमुना आज लागणार.

आणि हे विष महाराष्ट्राला नवं नव्हतं. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच डायएथिलीन ग्लायकॉलने दूषित ग्लिसरीनमुळे १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने औषध प्रशासनापासून मंत्रालयापर्यंत सगळ्यांची झडती घेतली. त्यानंतरच्या चाळीस वर्षांत यंत्रं किती पिढ्या पुढे गेली! चुकणारी जागा मात्र बरीचशी तीच: तपासलं गेलं नाही, किंवा उशिरा तपासलं गेलं.

दिवस जातात कुठे? औषध व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा. औषध निरीक्षक दुकानातून किंवा भांडारातून नमुना घेतो, फॉर्म १७ भरतो, नमुन्याचे सहसा चार भाग करून सीलबंद करतो: एक ज्याच्याकडून घेतला त्याला, एक सरकारी विश्लेषकाला, एक न्यायालयासाठी, एक उत्पादकाला. विश्लेषकाचा अहवाल फॉर्म १३ वर येतो. तो मान्य नसेल तर २८ दिवसांत आव्हान, आणि मग नमुना कोलकात्याच्या केंद्रीय औषध प्रयोगशाळेत. विश्लेषकाने नमुना मिळाल्यापासून साठ दिवसांत अहवाल द्यावा असा नियम आहे; जमत नसेल तर कारण देऊन मुदत मागावी. केंद्रीय औषध नियंत्रण यंत्रणेने फेब्रुवारी २०२४ मध्ये निरीक्षकांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या: महिन्याला किमान १० नमुने, आणि नमुना त्याच दिवशी, गाव दूर असेल तर दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेकडे रवाना.

भामरागडहून गडचिरोली पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास, गडचिरोलीहून नागपूर जवळपास तेवढंच. नमुना घेणाऱ्या माणसाकडे जिल्हाभराची दुकानं, परवाने, तक्रारी, कोर्टाच्या तारखा. तो भामरागडला कितीदा जाईल? नमुना स्वाभाविकपणे हायवेवरच्या दुकानातून आणि जिल्हा भांडारातून निघतो, म्हणजे गोळी भाजण्याच्या आणि भिजण्याच्या आधी. प्रयोगशाळेत गेलेली गोळी आणि रुग्णाने गिळलेली गोळी एकाच बॅचची असते, पण त्या दोघींनी वेगळा उन्हाळा पाहिलेला असतो. सर्वांत महागडा रोबोही ट्रेमध्ये ठेवलेलीच गोळी तपासणार.

या सगळ्यात एक गोष्ट मला फार चमत्कारिक वाटते. हेच एचपीएलसी तंत्र चंद्रपूर-गडचिरोलीत लोकांच्या चांगल्या ओळखीचं आहे, पण औषधासाठी नव्हे, रक्तासाठी. सिकलसेल हा इथला जुना आजार. १९८० च्या दशकात डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत त्याचा आढळ नोंदवला. आज गावपातळीवर सोल्युबिलिटी चाचणी होते: रक्ताचा थेंब द्रावणात टाकायचा, नळीमागच्या रेघा दिसल्या तर ठीक, द्रावण गढूळ होऊन रेघा झाकल्या गेल्या तर पुढची तपासणी. ती पुढची तपासणी एचपीएलसीवर. एका नमुन्याला सहा-सात मिनिटं, व्हायल आपोआप सरकतात, हिमोग्लोबिनची शिखरं आपोआप उमटतात, वाहक कोण आणि रुग्ण कोण हे कळतं. ११ डिसेंबर २०२२ रोजी चंद्रपुरात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं हिमोग्लोबिनच्या विकारांवरचं संशोधन, व्यवस्थापन आणि नियंत्रण केंद्र राष्ट्राला अर्पण झालं. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेचं लक्ष्य ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत आजाराचं उच्चाटन.

स्वयंचलन इथे छान जमलं, कारण रक्ताचा नमुना तोच तो असतो. हजार माणसं, एकच प्रश्न, एकच कॉलम.

आता निदान झालेल्या मुलीचं पुढे काय होतं ते पाहा. तिला हायड्रॉक्सियुरियाची कॅप्सूल सुरू होते, बहुतेकदा जन्मभरासाठी. वेदनेचे झटके कमी करणारं हे औषध ओल्या हवेपासून जपावं लागतं. मात्रा वजनावर ठरते, कमी पडली तर उपयोग नाही, जास्त झाली तर रक्तपेशींवर परिणाम. म्हणून तिचं रक्त अधूनमधून तपासतात. समजा झटके वाढले. डॉक्टर विचारतात, गोळ्या वेळेवर घेतेस ना? आई म्हणते, घेते. संशय मुलीवर येतो, आईवर येतो, अंगाऱ्या-धुपाऱ्यावर येतो. कॅप्सूलवर शेवटी येतो, कारण मुलीचं रक्त तपासायची सोय जिल्ह्यात आहे आणि कॅप्सूल तपासायची सोय जिल्ह्याबाहेर. रक्ताचं यंत्र औषधाला चालत नाही हे खरं. त्याचा कॉलम, द्रावणं, मान्यता सगळं निराळं. पण दाबाचा पंप कळणारा, शिखर वाचता येणारा, यंत्र बिघडलं तर कुणाला फोन करायचा हे ठाऊक असलेला माणूस जिल्ह्यात तयार झाला आहे. प्रयोगशाळा उभारताना सर्वांत दुर्मीळ वस्तू तीच असते. चंद्रपुरात २०१५ पासून आणि गडचिरोलीत अलीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. औषधनिर्माणशास्त्र शिकणारी मुलं या भागात आहेत. पट्टीवरची प्राथमिक तपासणी, विघटनाची चाचणी आणि वजनातली तफावत, एवढं तीन-चार लाखांच्या उपकरणांवर इथेच होऊ शकेल, असा माझा अंदाज आहे. न्यायालयात टिकणारा फॉर्म १३ नागपूर-मुंबईच्या सरकारी प्रयोगशाळांनीच द्यावा. इथल्या खोलीने फक्त एवढंच सांगावं की रांगेत कोण आधी.

आणि नागपूर-मुंबईला जे यंत्र द्यायचं त्यात माझी पहिली पसंती रोबोच्या हाताला नाही. नमुन्यावर निरीक्षकाने सील करतानाच बारकोड लागावा. तो कधी निघाला, कधी पोहोचला, कुणाच्या टेबलावर आहे, साठातले किती दिवस उरले, हे संगणकाने सांगावं. तराजू आणि एचपीएलसीचे आकडे हात न लागता अहवालात उतरावेत. आणि नापास शेरा पडताच ती बॅच राज्यात कुठल्या भांडारात किती उरली आहे, हे साठ्याच्या प्रणालीतून निघून प्रत्येक उपकेंद्राच्या फोनवर जावं. साठ्याची नोंद 'ई-औषधी'वर होतेच. दोन प्रणाली एकमेकींशी बोलल्या नाहीत, तर स्वयंचलित प्रयोगशाळेचा अहवाल फाइलमध्ये अधिक लवकर पोहोचेल, इतकंच. केंद्रीय औषध नियंत्रण यंत्रणा दरमहा 'प्रमाणित दर्जाची नसलेली' औषधं जाहीर करते. ती यादी वाचणारा वाचक भामरागडच्या उपकेंद्रातही बसलेला असतो, याचा विचार ती छापणाऱ्याने करावा. बॅच क्रमांकांची इंग्रजी पीडीएफ ही आशाताईसाठी सूचना होऊ शकत नाही.

दरम्यान एक गोष्ट कुठल्याही निविदेशिवाय करता येईल. पावसाळ्याचा साठा साधारण मेअखेर आत जातो. त्याचे नमुने मे महिन्यात घेतले तर साठ दिवस जुलैत संपतात, म्हणजे पूल पाण्याखाली गेल्यावर. नापास निघालं तरी परत आणणार कसं? तेच नमुने मार्चच्या पहिल्या आठवड्यात जिल्हा भांडारातून घेतले, तर उत्तर साठा निघण्याआधी हातात असतं. दुसरा नमुना ऑक्टोबरात, रस्ते सुकल्यावर, थेट उपकेंद्राच्या कपाटातून काढावा, आर्टेसुनेट आणि हायड्रॉक्सियुरियाचा आधी. तो त्याच बॅचच्या मार्चमधल्या नमुन्याशेजारी एकाच रनमध्ये लावावा. दोन शिखरांच्या उंचीत फरक पडला, तर पुढच्या वर्षी कुठल्या उपकेंद्राला आधी थंड पेटी द्यायची, हे ठरवायला समिती नेमावी लागणार नाही.